अकरावीला गणित घेण्यापूर्वी मुलांच्या वह्या पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांत टक्केवारीच्या बातम्या येतात आणि त्याच सुमारास घराघरांत एक प्रश्न सुरू होतो : अकरावीला गणित घ्यायचे की सोडायचे? २०२५-२६ पासून अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाल्यामुळे, पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरती असलेली अर्ज भरण्याची धावपळ आता तालुक्याच्या गावांतही आली आहे. अर्जाचा पहिला भाग, दुसरा भाग, दहा महाविद्यालयांचे पसंतिक्रम, कटऑफ, फेऱ्या या साऱ्यांत पालक इतके गुंतून जातात की मुलगा किंवा मुलगी पुढची दोन वर्षे नेमके कोणते विषय शिकणार, हे शेवटच्या दिवशी प्रवेशाच्या खिडकीपाशी, कुणीतरी सुचवले म्हणून ठरते. आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकवलेली एक शिक्षिका म्हणून या निर्णयाबद्दल मला तळमळीने काही सांगायचे आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचा गणिताचा आकडा पाहून अकरावीचे गणित घेणे किंवा सोडणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या पायावर उभ्या आहेत, कारण तो आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्नच वेगळा आहे.

हे कसे, ते जरा तपशिलात पाहावे लागेल. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताचे १०० गुण असतात. त्यांपैकी ४० गुण भाग १ म्हणजे बीजगणिताचे, ४० गुण भाग २ म्हणजे भूमितीचे आणि उरलेले २० गुण शाळेने द्यायच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. गुणपत्रिकेवर या तिन्हींची बेरीज एकाच आकड्यात छापली जाते. बीजगणितात १९ आणि भूमितीत ३५ मिळवणारी मुलगी आणि नेमके उलट गुण मिळवणारा मुलगा, दोघांनाही अंतर्गतचे सारखेच गुण असतील तर गुणपत्रिकेवर ते अगदी सारखे दिसतात. अकरावीच्या गणितासाठी मात्र या दोघांची तयारी मुळीच सारखी नसते. शिवाय प्रत्येक भागाची प्रश्नपत्रिका पर्यायांसह ६० गुणांची असते आणि त्यांतले ४० गुणांचे सोडवायचे असतात. तीनपैकी दोन, पाचपैकी चार, चारपैकी दोन अशा पर्यायांमुळे एखादे अवघड प्रकरण पूर्ण सोडून देऊनही चांगले गुण मिळवता येतात. प्रश्न २ आणि ३ मध्ये ‘कृती पूर्ण करा’ असे उपप्रश्न असतात, ज्यांत उदाहरणाची निम्मी वाट मंडळाने आखून दिलेली असते आणि विद्यार्थ्याने फक्त चौकटी भरायच्या असतात. बिचकणाऱ्या मुलाला या रचनेमुळे धीर येतो, तो उत्तीर्ण होतो, आणि त्यात गैर काही नाही; दहावीची परीक्षा सर्वांसाठी आहे आणि ती तशीच असावी. पण जी परीक्षा सर्वांना पार पडता यावी म्हणून आखलेली आहे, तिच्यातल्या ८२ गुणांवरून ‘याचे गणित पक्के आहे’ असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

यात आणखी भर पडते ती ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची. २०१० पासून सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढली जाते. समजा एखाद्या विद्यार्थिनीला तीन भाषांत ९२, ९०, ९४, विज्ञानात ८८, सामाजिक शास्त्रांत ९१ आणि गणितात ६१ गुण आहेत. तिच्या पाच विषयांची बेरीज ४५५ होते आणि टक्केवारी ९१. गणित हिशेबातच येत नाही. या ९१ टक्क्यांवर तिला शहरातल्या नामांकित महाविद्यालयात विज्ञान शाखा मिळते, नातेवाईक अभिनंदनाचे फोन करतात, ‘एवढे मार्क असताना कॉमर्सला कशाला जायचं’ असे सगळे म्हणतात, आणि ऑगस्टमध्ये त्या मुलीला त्रिकोणमितीच्या तासाला काही कळेनासे झाले की घरचे चकित होतात. तिच्या हुशारीत काहीच कमी नसते. टक्केवारीत जो विषय मोजलाच गेला नव्हता, नेमक्या त्याच विषयावर पुढची दोन वर्षे उभी केली गेली, एवढेच घडलेले असते.

मग पाहायचे काय? माझे उत्तर आहे, मुलांची नववी-दहावीची वही. गाइडमधून उतरवलेली सुवाच्य वही नव्हे, तर कच्ची वही, शाळेतल्या चाचण्यांचे तपासलेले पेपर, सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका. एक साधे उदाहरण घेते. क्ष वर्ग वजा ६ क्ष वजा १६ बरोबर शून्य, हे वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवायचे आहे. गुणाकार वजा १६ आणि बेरीज वजा ६ येईल अशा दोन संख्या बहुतेक मुले झटकन शोधतात : वजा ८ आणि अधिक २. इथपर्यंत सगळे बरोबर असते. पण कितीतरी वह्यांत पुढच्याच ओळीत उत्तर लिहिलेले सापडते, ‘क्ष = –८ किंवा क्ष = २’. प्रत्यक्षात अवयव (क्ष – ८) आणि (क्ष + २) असे आहेत, त्यांचा गुणाकार शून्य आहे, म्हणून दोघांपैकी एक तरी शून्य असायला हवा, आणि म्हणून उत्तर ८ किंवा वजा २ आहे. ज्या मुलाने वजा ८ लिहिले, त्याने ती किंमत मूळ समीकरणात ठेवून पाहिली असती तर ६४ अधिक ४८ वजा १६ म्हणजे ९६ आले असते, शून्य नव्हे, आणि अर्ध्या मिनिटात चूक हाती लागली असती.

आता अशी चूक झालेल्या तीन मुलांचा विचार करा. एकाने पुढच्या वेळी स्वतःच ताळा करून चूक दुरुस्त केली. दुसऱ्याने बाईंनी लाल शाईने खूण केल्यावर उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहिले, पण पुढच्या समीकरणात तेच पुन्हा केले. तिसऱ्याने अवयव पाडण्याची रीतच टाकून दिली आणि प्रत्येक वर्गसमीकरण सूत्राने सोडवायचे ठरवले, कारण सूत्रात विचार करावा लागत नाही. दहावीत या तिघांनाही सारखेच गुण मिळू शकतात. अकरावीचे गणित पहिल्याला झेपेल. दुसऱ्याला झेपेल की नाही हे त्याने दहावीनंतरच्या सुटीत काय केले यावर अवलंबून राहील. तिसऱ्याशी मात्र शांतपणे बसून बोलावे लागेल. अकरावीत त्याच्यासमोर रेडियन, निश्चयक, सारणी, संमिश्र संख्या, फलन, सीमा असे घटक एकामागून एक येणार आहेत आणि प्रत्येक घटकाला वेगळे सूत्र पाठ करत गेले तर दिवाळीपर्यंत सगळ्यांची सरमिसळ होते.

ज्या पालकांना स्वतःला गणित येत नाही त्यांनाही वही वाचता येते, हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘आम्हाला त्यातलं काय कळतं’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे पालकसभेत ऐकत आले. उत्तरापर्यंतच्या पायऱ्या आहेत का, की प्रश्नाखाली थेट उत्तर आहे? खोडलेल्या जागी पुन्हा करून पाहिलेले आहे का, की खोडून पुढे गेले आहे? एकच चूक तीन-तीन पानांवर दिसते का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, महिन्यापूर्वी सुटलेले एखादे उदाहरण आज कोऱ्या कागदावर, वही बंद करून, पुन्हा सुटते का? हे पाहायला बीजगणित यावे लागत नाही. एका संध्याकाळी मुलाशेजारी बसण्याइतका वेळ मात्र लागतो.

नववीत आणि दहावीत आता शिकत असलेल्या मुलांसाठी अभ्यासाबद्दल थोडे लिहिते. दहावीच्या गणितातले अपयश बहुतेक वेळा दहावीत तयार झालेले नसते. अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांचा गुणाकार, कंस सोडवताना बदलणारी चिन्हे, बहुपदींचे अवयव ही सातवी ते नववीची कामे कच्ची राहिली की दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणेही जड जातात, मग मुलांना वाटते की नवा धडा कळला नाही. माझ्या अनुभवात असा मुलगा दहावीच्या पुस्तकावर दुप्पट वेळ घालवूनही पुढे सरकत नाही. त्यालाच मे महिन्यात आठवी-नववीचे निवडक सरावसंच सोडवायला लावले, तर दिवाळीपर्यंत तो वर्गाबरोबर येतो. मागच्या इयत्तेचे पुस्तक हातात घेण्यात मुलांना कमीपणा वाटतो. तो वाटू नये, हे शिक्षकांनी वर्गात स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट सोडवलेल्या उदाहरणांची. पाठ्यपुस्तकातले किंवा क्लासच्या नोट्समधले सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते आणि आपल्याला ते आले असे वाटते. ते आलेले नसते. उदाहरणातला प्रश्न वाचून पुस्तक मिटावे, स्वतः करून पाहावे, जिथे अडेल तिथेच पुस्तक उघडून फक्त पुढची एक ओळ पाहावी आणि पुन्हा मिटावे. हे संथ काम आहे. एका बैठकीत चार-पाचच उदाहरणे होतात, पण ती कायमची होतात. बालभारतीच्या पुस्तकातले संकीर्ण प्रश्नसंग्रह बहुतेक मुले ‘क्लासमध्ये झाले नाहीत’ म्हणून सोडून देतात आणि त्याऐवजी बाजारातले अपेक्षित प्रश्नसंच आणतात. मला हे कधीच पटले नाही. संकीर्ण प्रश्नसंग्रहात कोणते उदाहरण कोणत्या रीतीने सुटेल हे आधी सांगितलेले नसते, आणि परीक्षेतही ते सांगितलेले नसते.

भूमितीबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा घेते. त्रिकोणमितीच्या उपयोजनात नेहमी येणारा प्रश्न आहे : समुद्रकिनाऱ्यावरील ६० मीटर उंचीच्या दीपस्तंभावरून एका जहाजाकडे पाहताना ६० अंशांचा अवनत कोन होतो, तर जहाज दीपस्तंभापासून किती दूर आहे? घाईतला विद्यार्थी शिखरापाशी खांब आणि दृष्टिरेषा यांच्यामध्ये ६० अंश लिहितो आणि त्याचे उत्तर ६० गुणिले वर्गमूळ ३, म्हणजे सुमारे १०४ मीटर येते. खरे तर अवनत कोन शिखरातून जाणाऱ्या क्षितिजसमांतर रेषेपासून खाली मोजायचा असतो, तोच कोन व्युत्क्रम कोनांच्या गुणधर्माने जहाजापाशी येतो, आणि उत्तर २० गुणिले वर्गमूळ ३, म्हणजे साधारण ३४.६ मीटर येते. ज्याने पेन्सिलीने मोठी, स्वच्छ आकृती काढली आहे त्याला हे गणित करण्याआधीच दिसते की ६० अंश म्हणजे नजर चांगलीच खाली वळली आहे, जहाज दीपस्तंभाच्या उंचीपेक्षा कमी अंतरावर असले पाहिजे, आणि १०४ हे उत्तर शक्यच नाही. उत्तर काढण्यापूर्वी ते साधारण किती असावे हे ओळखायची सवय ज्या मुलांना लागते, त्या मुलांना अकरावी-बारावीत भौतिकशास्त्रही सोपे जाते. म्हणून आकृती काढायला आळस करू नये, प्रमेये आकृतीसह आणि प्रत्येक विधानाच्या कारणासह लिहावीत, आणि भौमितिक रचना कंपासने प्रत्यक्ष कराव्यात. मोबाइलवरच्या व्हिडिओत दुसऱ्याने काढलेली स्पर्शिका पाहून हात तयार होत नाही.

भाग १ मधील अर्थनियोजनाच्या प्रकरणाकडे मात्र मुले आणि क्लास दोघेही दुर्लक्ष करतात, कारण त्यात वाचायला मजकूर जास्त असतो. जीएसटीचा हिशेब, केंद्राचा आणि राज्याचा वाटा, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली हे सारे त्यात आहे. जो विद्यार्थी पुढे कधीही गणित घेणार नाही, त्याच्या आयुष्यात दहावीचे हेच प्रकरण सर्वाधिक उपयोगी पडणार आहे, आणि तेच पर्यायात सोडून दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सराव परीक्षेबद्दल एकच सूचना. प्रत्येक भागाच्या लेखी परीक्षेला दोन तास असतात. घरीही तेवढाच वेळ लावून, मध्ये न उठता, पर्यायांसह संपूर्ण ६० गुणांचे प्रश्न एकदा तरी सोडवून पाहावेत, वेळ संपला तरी चालेल. कोणते २० गुण आपण नेहमी पर्यायात टाकतो, हे त्यातून कळते, आणि विषयनिवडीच्या दृष्टीने ती माहिती गुणपत्रिकेपेक्षा मोलाची आहे.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. विज्ञान शाखेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित), पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) किंवा दोन्ही एकत्र असे गट मुले निवडतात. अभियांत्रिकीला जायचे असेल तर गणित अनिवार्य आहे, आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे एकट्या गणिताचे १०० गुण, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० गुण असतात. निम्मी सीईटी गणिताचीच आहे. तीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, त्यामुळे ‘अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष’ हा जो समज अजूनही टिकून आहे, तो मुलांना महागात पडतो. वास्तुकलेसाठी गणित लागते. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेतल्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात आणि वायुदल व नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. याउलट वैद्यकीय शाखेला गणित लागत नाही, तर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीची वाट पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांतून खुली आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक मुले ‘फार्मसीला जायचंय, म्हणून गणितही ठेवतो’ असे म्हणून विनाकारण चार अवघड विषय अंगावर घेतात.

‘दोन्ही ठेवू, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या राहतील’ हा सल्ला दरवर्षी हजारो घरांत दिला जात असावा. ज्या मुलीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही खरोखर आवडतात आणि जिची वहीही तसेच सांगते, तिने अवश्य दोन्ही घ्यावेत. पण निर्णय टाळण्यासाठी घेतलेला चौथा विषय बारावीत उरलेल्या तिन्ही विषयांचा वेळ खातो. ज्यांचे गणित चांगले आहे आणि जीवशास्त्रात रस नाही, त्यांनी जवळच्या महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा द्विलक्ष्यी (बायफोकल) विषय आहे का, याची चौकशी करावी. ही सोय सगळीकडे नाही, पण जिथे आहे तिथेही पालकांना तिची पुरेशी माहिती नसते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. बीजगणितात वर्गात पहिल्या असणाऱ्या मुलींना घरून ‘तू बायोलॉजी घे, गणित पुढे फार कठीण असतं’ असे सांगितले जाते, आणि त्यांच्याहून कितीतरी कच्च्या भावाला मात्र ‘इंजिनिअरिंगला गणित लागेल’ म्हणून आग्रहाने बसवले जाते. हे मी एकाच कुटुंबात, एकाच टेबलावर घडताना पाहिले आहे. ज्या घरी असे होते आहे त्यांनी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.

वाणिज्य शाखेत हाच प्रश्न ‘एसपी की मॅथ्स’ अशा रूपात येतो. चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय गुण मिळवायला सोपा मानला जातो, म्हणून बहुतेक विद्यार्थी विचार न करता तो घेतात. पण वाणिज्याचे गणित हे विज्ञान शाखेच्या गणितापेक्षा वेगळे आहे. बारावीच्या त्या अभ्यासक्रमात कमिशन व दलाली, विमा व वार्षिकी, निर्देशांक, काल श्रेणी, रेषीय प्रायोजन असे व्यवहाराशी थेट जोडलेले घटक आहेत. डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशनही आहे, पण त्यांचा आवाका मर्यादित आहे. सीए होण्याची इच्छा असलेल्या मुलांनी हे लक्षात घ्यावे की फाउंडेशन परीक्षेत क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा १०० गुणांचा पेपर आहे, त्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, आणि प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण मिळवावेच लागतात. अकरावीत गणित टाळले तरी तिथे ते भेटतेच, फक्त तयारीला दोन वर्षांऐवजी काही महिने मिळतात. अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांचीही हीच स्थिती आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी बारावीला गणित असणे आवश्यक आहे, हे आपल्याकडच्या मुलांना बारावीचा निकाल लागल्यावर कळते.

गणिताला घाबरून दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्यांची संख्या ग्रामीण भागात मोठी आहे. पॉलिटेक्निक ही उत्तम वाट आहे, तिथून थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला जाता येते, हाताला काम मिळते. पण तिथे पहिल्याच वर्षी गणिताचे पेपर आहेत, आणि त्यांत लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, सारणी, पुढे डिफरन्सिएशन येते. गणितापासून सुटका म्हणून कुणी तिकडे जाऊ नये. कला शाखेतल्या मुलांनीही दहावीची पुस्तके रद्दीत देण्याची घाई करू नये. यूपीएससी आणि एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट या अभिक्षमता चाचणीच्या पेपरात दहावीच्या पातळीचे अंकगणित असते आणि तो पेपर ३३ टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावाच लागतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित आहेच.

‘गणित सक्तीचे असूच नये’ असे मत अधूनमधून मांडले जाते. आपल्या मंडळात काही वर्षे सामान्य गणिताचा पर्याय होता, तो पुढे बंद झाला. सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड अशा दोन पातळ्या आणल्या. २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने, गणितात आणि विज्ञानात २० ते ३५ गुण मिळवणाऱ्यांना विशिष्ट शेऱ्यासह अकरावीत जाऊ द्यावे, मात्र त्यांना पुढे ते विषय घेता येऊ नयेत, अशा तरतुदीवर बरीच चर्चा झाली. एका विषयापायी मुलाचे शिक्षणच थांबू नये, या हेतूशी मी पूर्ण सहमत आहे. गणितात नापास झाले म्हणून शाळा सुटलेल्या आणि लवकर लग्न लावून दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. परंतु पंधराव्या वर्षीच्या एका परीक्षेवरून कायमचा शेरा मारण्याला माझा विरोध आहे. दोन पातळ्यांची व्यवस्था मला अधिक योग्य वाटते, मात्र खालच्या पातळीवरून पूरक परीक्षा देऊन वर येण्याची सोय हवी, आणि कोणती पातळी घ्यायची हे निकालाचा टक्का वाढावा म्हणून शाळेने ठरवू नये.

याच संदर्भात काही गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. मंडळाने गुणपत्रिकेवर गणिताच्या भाग १, भाग २ आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वेगवेगळे छापावेत. ही माहिती मंडळाकडे असतेच, ती पालकांना दिली तर विषयनिवडीतला निम्मा अंधार दूर होईल. शाळांनी नववीच्या अखेरीस प्रत्येक मुलाच्या बीजगणिताच्या चुका कोणत्या प्रकारच्या आहेत, यावर अर्ध्या पानाची टिपण पालकांना द्यावी. गणिताच्या शिक्षकाला ती प्रत्येक मुलासाठी काही मिनिटांत लिहिता येते, आणि शाळाबाह्य कामांच्या ढिगाऱ्यातून तेवढा वेळ त्याला मिळावा, ही जबाबदारी मुख्याध्यापकांची आणि शिक्षण विभागाची आहे. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या पहिल्या महिन्यात मागच्या इयत्तांच्या बीजगणितावर एक साधी, गुण न मोजणारी चाचणी घेऊन, विषय बदलणे हिताचे असेल त्यांना नियमाच्या मुदतीत तसे सांगावे. आज अनेक ठिकाणी मुलगा महाविद्यालयात फक्त नावापुरता असतो आणि शिकतो खासगी क्लासमध्ये. त्यामुळे तो कुठे अडला आहे हे महाविद्यालयाला कळत नाही आणि क्लासला कळले तरी पूर्ण फी भरून घेतल्यानंतर ते सांगण्याची निकड नसते.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक सूचना करून पत्र पुरे करते. विज्ञान शाखेत सर्व अध्यापन इंग्रजीतून होते आणि पूर्ण मराठी माध्यमातून आलेली, गणितात खरोखर तयार असलेली मुले पहिल्या दोन महिन्यांत केवळ भाषेमुळे मागे पडतात, मग ती आणि त्यांचे पालक गणितच जमत नाही असे समजून विषय सोडतात. निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत मिळणाऱ्या दिवसांत दहावीच्या गणिताचे इंग्रजी पाठ्यपुस्तक, जे बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे, मराठी पुस्तकाशेजारी ठेवून रोज एक सरावसंच इंग्रजीतून वाचून सोडवावा. दोन्ही पुस्तकांत प्रकरणे आणि उदाहरणे त्याच क्रमाने आहेत, त्यामुळे शिकवणीची गरज लागत नाही. ज्या गावांत इंटरनेट नीट चालत नाही, तिथल्या शाळांनी इंग्रजी भागांच्या चार-दोन प्रती ग्रंथालयात ठेवाव्यात आणि मे-जूनमध्ये त्या मुलांना घरी न्यायला द्याव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
कराड, जि. सातारा